जुना संगणक आणि त्याच्या मापाचे सॉफ्टवेअर

हिंगोली आणि वाशिम यांच्या दरम्यान, पूर्णा–अकोला लोहमार्गावर कनेरगाव नाका हे लहानसे स्थानक आहे. २००८ साली या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. रुळांमधले अंतर १ मीटर होते, ते १.६७६ मीटर झाले. मीटरगेजचा डबा कितीही धडधाकट असला, तरी तो आता या रुळांवर चालणार नाही. डबा खराब नाही, रूळ खराब नाहीत. फक्त माप जुळत नाही.

जुन्या युनिक्स वर्कस्टेशनसाठी सॉफ्टवेअर शोधणाऱ्या नवशिक्याची अडचण नेमकी अशीच असते. समजा, एखाद्या महाविद्यालयाच्या कपाटात सन कंपनीचे १९९४ सालचे ‘स्पार्कस्टेशन ५’ सापडले. आजच्या संगणकावरचा प्रोग्राम त्यात घातला, तर चालत नाही. असे का?

प्रोग्रामर जे लिहितो त्याला मूळ संहिता म्हणतात. कंपायलर तिचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरची यंत्रभाषा वेगळी असते. सनच्या ‘स्पार्क’ प्रोसेसरला इंटेलची यंत्रभाषा कळत नाही. म्हणजे तयार प्रोग्राम हा विशिष्ट रुळांसाठी बांधलेला डबा, तर मूळ संहिता हा डब्याचा आराखडा. आराखडा हाती असेल, तर थोडे फेरफार करून हव्या त्या मापाचा डबा बांधता येतो. १९७३ साली युनिक्स ‘सी’ भाषेत नव्याने लिहिली गेली, तेव्हापासून ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणे सोपे झाले, ते याचमुळे.

म्हणून शोधाला लागण्यापूर्वी आपण यंत्रालाच तीन प्रश्न विचारू या. प्रोसेसर कोणता? कार्यप्रणाली कोणती? तिची आवृत्ती कितवी? युनिक्समध्ये ‘युनेम’ ही आज्ञा यांची उत्तरे देते. आवृत्तीला फार महत्त्व आहे. सनची ‘सनओएस ४’ आणि १९९२ साली आलेली ‘सोलारिस २’ या एकाच कंपनीच्या असूनही आतून बऱ्याच वेगळ्या आहेत.

पुढची अडचण कंपायलरची. सोलारिस २ बरोबर सी कंपायलर मिळत नसे. तो वेगळा विकत घ्यावा लागे. ग्नू प्रकल्पाचा मोफत कंपायलर आहे, पण त्याची संहिता कंपाइल करायलाही आधी कंपायलर हवाच! कोंबडी आधी की अंडे? यावर उपाय म्हणजे कोणीतरी त्याच आवृत्तीसाठी आधीच कंपाइल करून ठेवलेली प्रत प्रथम मिळवणे. ती बसली की पुढचे बरेचसे सॉफ्टवेअर आपले आपण बांधता येते.

कार्यप्रणालीच नसेल तर? ‘नेटबीएसडी’ ही मोफत युनिक्सवजा प्रणाली स्पार्क यंत्रांवर आजही चालते. सोलारिसच्या जुन्या तबकड्यांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हसारख्या संग्रहांत सापडतात. परंतु सन कंपनी २०१० साली ओरॅकलने घेतली आणि हक्कही तिच्याकडे गेले. प्रत मिळाली म्हणजे वापराची परवानगी मिळाली, असे नव्हे. शिवाय तबकडी वाचायला सीडी ड्राइव्हही योग्य हवा. ही यंत्रे ५१२ बाइटचे तुकडे मागतात, तर सर्वसाधारण ड्राइव्ह २०४८ बाइटचे देतो.

आणखी एक गोष्ट. या यंत्रांत एका चिपमध्येच लहानशी लिथियम बॅटरी बंद केलेली असते. ती साधारण दहा वर्षांनी संपते आणि यंत्राचा ओळखक्रमांक पुसला जातो. काही विकतच्या सॉफ्टवेअरचा परवाना याच क्रमांकाशी बांधलेला असे. बॅटरी संपली की असे सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. प्रत्यक्ष यंत्र हाती नसेल, तर ‘क्यूएमू’ हा मोफत प्रोग्राम साध्या संगणकावर स्पार्कस्टेशन ५ ची नक्कल उभी करतो. वर्गात दाखवायला तेवढे पुरेसे आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? आम्हा संशोधकांसाठी प्रश्न जुन्या नोंदींचा आहे. स्पार्क यंत्र संख्येतला मोठा बाइट आधी लिहिते, इंटेलचे यंत्र लहान बाइट आधी. १९९५ ही संख्या दोन बाइटांत ७ आणि २०३ अशी मांडतात, कारण ७ × २५६ + २०३ = १९९५. हाच क्रम उलटा वाचला तर मिळतात ५१,९७५! चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. खगोलशास्त्रज्ञांच्या ‘फिट्स’ या फाइलप्रकारात बाइटांचा क्रम ठरवून दिलेला आहे. त्यामुळे तिथे हा गोंधळ होत नाही. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींपासून प्रतिमा बनवण्यासाठी वापरली गेलेली ‘एप्स’ ही प्रणाली १९७८ च्या सुमारास अमेरिकेत लिहायला घेतली गेली. तिची संहिता खुली राहिली, म्हणून ती सनच्या यंत्रांवर चालली आणि पुढे लिनक्सवरही.

हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या नोंदी आज शाळेत असलेली मुले उद्या वाचतील, आणि त्यांची मुलेही. त्यांना त्या वाचता याव्यात म्हणून नोंदींबरोबर तीन गोष्टी जपायला हव्यात: मूळ संहिता, आवृत्तीची नोंद आणि फाइलच्या रचनेचे वर्णन. शाळेतला जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून त्याची अशी नोंद जरूर करून घ्यावी.