स्टारवर्डचं पोट

जहाजतोडणीवर लिहा, असं संपादक म्हणाले म्हणून मी अलंगला गेलो. परत आलो तो एकाच जहाजाचा ध्यास घेऊन.

भावनगर जिल्ह्यातल्या या गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही अंगांनी जुन्या बोटींवरच्या सामानाची दुकानं आहेत. त्यांना तिथे खाडा म्हणतात. एका खाड्यात केबिनची पोलादी दारं भिंतीला टेकवून उभी केली होती. एका दाराच्या रंगाचे पोपडे सुटले होते. नखाने खरवडलं, तर पांढऱ्याखाली निळा, निळ्याखाली सायीच्या रंगाचा, त्याखाली हिरवट. दर मालकाने आपला थर चढवलेला. दार कुठल्या जहाजाचं, असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, ते आम्ही लिहून ठेवत नाही.

असे थरांवर थर चढलेलं एक जहाज याच किनाऱ्यावर 2018 साली तुटलं. तेव्हा त्याचं नाव एजियन क्वीन होतं. पन्नास वर्षांपूर्वी, 1968 साली, जर्मनीत ब्रेमरहाफेनच्या गोदीतून ते बाहेर पडलं, तेव्हा नाव होतं स्टारवर्ड.

आपल्याकडे बोटीने जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावर बोचकी घेऊन चढायचं आणि विजयदुर्ग नाहीतर पणजी गाठायची. बोट लागली तरी सोसायचं, कारण घरी पोहोचायचं असे. कुठेही पोहोचायचं नाही, आठवडाभर हिंडून त्याच धक्क्यावर परत यायचं, अशी बोट मायामीत रुजली ती थोडी अपघातानेच. नॉर्वेच्या क्नूट क्लोस्टर यांनी 1966 साली सनवर्ड नावाची फेरीबोट ब्रिटिश प्रवाशांना जिब्राल्टरला नेण्यासाठी बांधून घेतली. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने प्रवासाला बाहेर नेण्याच्या पैशावर पन्नास पौंडांची मर्यादा घातली, आणि धंदा बसला. तिकडे मायामीत टेड ॲरिसन यांच्याकडे प्रवासी होते, पण बोट उरली नव्हती. दोघे एकत्र आले आणि सनवर्ड डिसेंबर 1966 मध्ये मायामीहून बहामाला निघाली. ती भरून जाऊ लागली, म्हणून दोनच वर्षांत स्टारवर्ड आली. क्लोस्टर आणि ॲरिसन पुढे भांडून वेगळे झाले, ॲरिसन यांनी 1972 साली कार्निव्हल ही कंपनी काढली. ती कथा सगळीकडे वाचायला मिळते. मला खिळवून ठेवलं ते स्टारवर्डच्या पोटाने.

जेमतेम 160 मीटर लांबीचं हे जहाज. वर केबिन, जेवणाचा हॉल, पोहण्याचा तलाव. खाली मात्र गाड्यांचा डेक. खांब-भिंतींची फारशी अडचण नसलेली लांबच लांब मोकळी जागा, आणि दाराशी उतार. मायामीच्या धक्क्यावर वरच्या दाराने सुट्टीवर निघालेली कुटुंबं चढत, खालच्या दाराने जमैकाला जाणारे ट्रेलर. तिकिटं कमी खपली तरी मालाचं भाडं हाती येई. डेन्मार्कच्या क्नूड ई. हान्सेन या कचेरीने हा आराखडा काढला. ही माणसं फेरीबोटी काढण्यात मुरलेली, आणि ते हाडपेर या जहाजाच्या अंगात होतं.

काही वर्षांत प्रवासी इतके वाढले, की ट्रेलर उतरवून तिथे केबिन बांधणं फायद्याचं ठरलं. मोकळ्या डेकवर भिंती उभ्या राहिल्या, पाण्याचे आणि थंड हवेचे नळ खेळवले गेले. जिथे टायर घासत, तिथे गालिचे आले. बाहेरून जहाज तेच. माझं मत असं, की पुढची चाळीस वर्षं स्टारवर्डने काढली ती या मोकळ्या पोटाच्या जोरावर. वाड्यात जसा एखादा सोपा रिकामा असतो, कधी धान्याला, कधी लग्नघराला, तसं हे होतं.

दुसरं कारण डिझेल इंजिनं. त्या काळातली मोठी अटलांटिक जहाजं वाफेच्या टर्बाइनवर चालत. तेल महागलं आणि ती उभी राहिली. फ्रान्स हे दिमाखदार जहाज 1974 साली असंच बाजूला पडलं. क्लोस्टर यांनीच ते 1979 साली विकत घेतलं, चारातले दोन पंखे काढून टाकले आणि नॉर्वे नावाने चालवलं. स्टारवर्डला असलं काही करावं लागलं नाही.

1995 साली ती विकली गेली आणि बोलेरो झाली. तो मालक 2004 साली बुडाला. मग एका लेबनीज मालकाने घेऊन तिला ओरिएंट क्वीन नाव दिलं. जुलै 2006 मध्ये बैरूतवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा याच जहाजाने एका खेपेत सुमारे हजार अमेरिकन नागरिकांना सायप्रसला पोहोचवलं, सोबतीला अमेरिकी विनाशिका होती. माझगाव डॉकमध्ये बांधलेली आपली आयएनएस मुंबईही त्याच दिवसांत बैरूतहून भारतीयांना लार्नाकाला आणत होती. मौजेसाठी बांधलेल्या बोटीने अडतिसाव्या वर्षी माणसं घरी नेली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्याच वर्षी सायप्रसच्या लुईस कंपनीने तिला घेतलं. 1 ऑक्टोबर 2010 पासून प्रवासी जहाजांवर जळाऊ सामानाला बंदी आली आणि लाकडी तक्तपोशीची कितीतरी जुनी जहाजं मोडीत गेली. ही त्यातूनही तरली. 2013 पासून लुईस ऑरा, शेवटी एजियन क्वीन, आणि मग अलंग.

अलंगला जहाज आणतात ते उधाणाच्या भरतीला. खंभातच्या आखातात पाणी दहा मीटरपर्यंत चढतं. इंजिन पूर्ण वेगात ठेवून जहाज किनाऱ्यावर चढवायचं, ओहोटीला ते चिखलात बसतं. मग गॅस कटर घेतलेली माणसं चढतात, ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश, झारखंडहून आलेली. मी ज्याच्याशी बोललो तो ओडिशाचा होता. मालवाहू जहाज सोपं, म्हणाला. प्रवासी जहाजात नुसत्या खोल्या आणि खोल्या, प्रत्येक भिंतीमागे काय भरलंय ते फोडल्याशिवाय कळत नाही, आणि धूर आतच कोंडतो. त्याच्या मनगटावर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग होते. साठ-सत्तरच्या दशकातल्या जहाजांत उष्णता अडवण्यासाठी ॲस्बेस्टॉस सर्रास वापरलं जाई. मोकळ्या पोटात जितक्या केबिन वाढवल्या, तितक्या भिंती या माणसाला फोडाव्या लागणार. आराखड्याचं कौतुक करताना मी हे धरलं नव्हतं.

मघाची नॉर्वे बोट याच किनाऱ्यावर 2006 साली ब्लू लेडी नावाने आली. तिच्या ॲस्बेस्टॉसचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2007 साली तोडायला परवानगी मिळाली. भारताने 2019 साली जहाज पुनर्वापराचा कायदा केला, याच विषयावरचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार जून 2025 मध्ये लागू झाला. नियम आले, हे चांगलं झालं. पण कटर हातात धरणाऱ्याला भिंतीमागे काय आहे ते आधी कळलं पाहिजे, आणि त्यासाठी जहाजाचे सगळे नकाशे, दर डागडुजीचे कागद, मालकागणिक पुढे गेले पाहिजेत. पाच नावं घेतलेल्या जहाजाचे कागद शाबूत राहणं किती कठीण, ते त्या दाराच्या थरांवरून ओळखावं.

मुंबईहून निघणारी कर्णिका कित्येकांनी पाहिली असेल, काहींनी तिच्यातून सहलही केली असेल. 1990 साली बांधलेलं ते जहाज 2020 साली अलंगला गेलं. तिथल्या खुर्च्या, आरसे, चिनीमातीची भांडी मुंबई-पुण्यातल्या हॉटेलांत आणि घरांत येतात. तुम्ही घ्यायला गेलात, तर जहाजाचं नाव विचारा आणि वस्तूच्या मागे लिहून ठेवा. विचारणारे वाढले, तर दुकानदारही लिहून ठेवू लागेल.