गोधडीत काय भरलेले असते?

बर्फाचे दोन सारखे खडे घ्या आणि ते दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घाला. एक पिशवी ताटलीत उघडी ठेवा, दुसरी जाड गोधडीत नीट गुंडाळा. कोणता खडा आधी वितळेल? हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. गोधडीच्या बाजूने बरेच हात वर येतील, कारण गोधडी ‘गरम’ असते हे सगळ्यांना ठाऊक असते. अर्ध्या तासाने दोन्ही पिशव्या उघडल्या, की ताटलीतला बर्फ जवळजवळ संपलेला आणि गोधडीतला बराचसा शाबूत असलेला दिसेल. बर्फाच्या कारखान्यातील लाद्या लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात का ठेवतात, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

गोधडी स्वतः गरम नसते. थंडीच्या रात्री खुंटीवरून काढलेली गोधडी आणि तिच्या शेजारची भिंत यांचे तापमान जवळजवळ सारखेच असते. गोधडी उष्णतेची ये-जा मंद करते, एवढेच. आत बर्फ असेल तर बाहेरची उष्णता त्याच्यापर्यंत पोचू देत नाही आणि आत तुम्ही असाल तर तुमची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. झोपलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ७० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सतत तयार होत असते. गोधडीतली ऊब आपलीच असते, गोधडी ती फक्त राखून ठेवते.

हे काम तिच्यातले कापड करते असे तुम्हाला वाटेल. थोडे गणित करू. समजा, आजीने नातवासाठी एक मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड अशी छोटी गोधडी शिवली आणि तिचे वजन ४५० ग्रॅम भरले. तिचे आकारमान झाले ३००० घन सेंटिमीटर. कापसाच्या तंतूची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट असते, म्हणजे ४५० ग्रॅम कापसाने त्यातले ३०० घन सेंटिमीटर व्यापले. उरलेल्या २७०० घन सेंटिमीटरमध्ये काय आहे? हवा! गोधडीचा दहावा हिस्सा कापूस आणि नऊ हिस्से हवा. तुमच्या घरची गोधडी मोजून, तोलून हाच हिशेब करून पाहा.

ही हवाच खरी राखणदार आहे. स्थिर हवेतून उष्णतेचे वहन फार मंद होते. हवेची उष्णतावाहकता एक धरली, तर पाण्याची सुमारे २३ आणि लोखंडाची सुमारे ३००० भरते. मात्र ‘स्थिर’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मोकळी हवा तापली की हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी थंड हवा येते आणि अभिसरणाने उष्णता निघून जाते. तंबूसारखे पांघरूण उंच धरून झोपलात तर आत भरपूर हवा असूनही थंडी वाजेल. हवेला जागचे हलू द्यायचे नसेल तर तिचे बारीक बारीक कप्पे करावे लागतात. हवेलाही थोडी श्यानता असते, म्हणजे तेल किंवा मधाइतकी नसली तरी तीही पृष्ठभागाला चिकटून राहू पाहते. तंतूंमधल्या केसाएवढ्या फटीत सापडलेली हवा म्हणूनच जागीच खिळून राहते.

कापसाचा तंतू या कामाला फार सोयीचा आहे. बोंडात असताना तो एक पोकळ नळी असतो. बोंड उकलून वाळले की ती नळी चपटी होते आणि फितीला पीळ पडावा तशी ठिकठिकाणी वळते. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा एक धागा जरूर पाहा. असे पीळदार तंतू एकमेकांना पूर्णपणे चिकटून बसूच शकत नाहीत, त्यांच्यामध्ये फटी राहतातच.

आता जुन्या कापडाकडे वळू. गोधडीला जुने लुगडे, जुने धोतर का लागते? काटकसर हे कारण आहेच आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण कापडात झालेला बदलही पाहण्यासारखा असतो. नव्या कापडाला खळ असते. ती सूत ताठ ठेवते आणि पाणीही चटकन शोषू देत नाही. वर्षानुवर्षांच्या धुण्याने खळ निघून जाते, सुताचा पीळ सैल पडतो आणि तंतूंची टोके वर येऊन कापडावर बारीक लव धरते. ही लव दोन थरांना एकमेकांपासून किंचित दूर ठेवते, म्हणजे हवेला आणखी जागा होते. शिवाय कापड मऊ असल्यामुळे ते अंगाच्या उंचसखल भागांवर नीट बसते आणि कडेने गार हवा आत शिरत नाही.

नऊवारी लुगडे साधारण ८.२ मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद, म्हणजे सुमारे ९ चौरस मीटर असते. आपल्या छोट्या गोधडीत सहा थर घातले तर साडेचार चौरस मीटर कापड लागेल. हिशेबाने एका लुगड्यात दोन नातवंडांची सोय होते. प्रत्यक्षात विरलेला भाग काढून टाकावा लागत असल्याने एक गोधडी निघते आणि उरलेल्यातून चार-दोन लंगोट होतात.

थर एकावर एक नुसते ठेवले तर? एका रात्रीत ते सरकतील, एका बाजूला गोळा होतील आणि दुसरी बाजू उघडी पडेल. येथे सुई-दोऱ्याचे काम सुरू होते. आधी थर जमिनीवर ताणून अंथरतात, सुरकुत्या काढतात आणि लांब लांब कच्चे टाके घालून ते जागेवर धरतात. मग कडेपासून धावदोरा सुरू होतो. सुई सहाही थरांतून खाली जाते आणि वर येते. दोन ओळींत दीड सेंटिमीटर अंतर धरले आणि सेंटिमीटरला एक टाका धरला, तर पाऊण मीटर रुंदीत पन्नास ओळी आणि प्रत्येक ओळीत शंभर टाके बसतील. एका बाळाच्या गोधडीला पाच हजार टाके! बोटात अंगुस्तान का घालतात, हे निराळे सांगायला नको.

टाक्यांच्या ओळी किती जवळ असाव्यात, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. जेथे टाका पडतो तेथे थर दाबले जातात, हवा कमी होते आणि त्या रेषेवरून उष्णता जरा सहज निसटते. ओळी फार जवळ घातल्या तर गोधडी पुठ्ठ्यासारखी होईल. फार लांब घातल्या तर धुताना आतले थर पाण्याने जड होऊन खाली घसरतील. बोटाएवढे किंवा दोन बोटांचे अंतर हा हातांनी अनुभवातून शोधलेला मधला मार्ग आहे. हाती घातलेला दोरा किंचित ओढला जातो, त्यामुळे दोन ओळींमधले कापड फुगून येते आणि गोधडीवर शेतातल्या सऱ्या-वरंब्यांसारखे उंचवटे दिसतात. शोभेसाठी हे कोणी करत नाही, पण प्रत्येक वरंब्याखाली हवेची एक पट्टी अडकलेली असते. शिलाईयंत्राची टीप सरळ आणि घट्ट बसते. ती दिसते छान, परंतु थर अधिक आवळते.

धावदोऱ्याचा दुसरा गुण त्याच्या टिकाऊपणात आहे. दोरा मध्येच तुटला तरी सगळी ओळ का उसवत नाही? दाव्याचे दोन-तीन वेढे खांबाला दिले की ओढाळ जनावरही एका हाताने आवरता येते, हे तुम्ही पाहिले असेल. प्रत्येक वळणावर घर्षण वाढत जाते. दोराही सहा थरांतून वर-खाली वळत जातो, म्हणून तुटलेल्या जागेपासून थोड्याच अंतरावर घर्षण त्याला धरून ठेवते. कर्नाटकातील सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात, बंगालमध्ये ‘कांथा’ शिवतात आणि आपल्याकडे काही भागांत हिलाच वाकळ म्हणतात. नक्षी निराळी, पण मूळ टाका तोच.

आता ही गोधडी ज्याच्यासाठी शिवली त्याच्याकडे पाहू. तान्ह्या बाळाला आपल्यापेक्षा अधिक जपावे लागते, याचे कारण भूमितीत आहे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर असते. दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६०० आणि घनफळ १००० असते. म्हणजे वस्तू लहान, तर तिच्या मानाने पृष्ठभाग मोठा. ६० किलो वजनाच्या माणसाची त्वचा सुमारे १.६ चौरस मीटर असते, तर ३ किलोच्या बाळाची सुमारे ०.२ चौरस मीटर. दर किलोमागे भागाकार करा. बाळाच्या वाट्याला अडीच पट त्वचा येते, आणि उष्णता जाते ती त्वचेवाटेच. त्या त्वचेचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या डोक्यावर असतो. कुंचीचा उपयोग येथे कळतो.

त्यात बाळ जन्मते तेव्हा ओले असते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला त्वचेच्या तापमानाला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. बाळाच्या अंगावरचे फक्त १० ग्रॅम पाणी वाळले आणि त्यासाठीची सगळी उष्णता अंगातूनच गेली, तर ३ किलोच्या बाळाचे तापमान दोन अंशांहून अधिक उतरेल. म्हणून बाळाला आधी पुसून कोरडे करायचे आणि मग गुंडाळायचे. पाणी झटकन शोषणारे जुने, स्वच्छ धुतलेले सुती दुपटे या कामात नव्या कोऱ्या कापडापेक्षा सरस ठरते. ओले दुपटे बदलण्याची घाई याच कारणाने करायची. ओल्या कापडातील हवेची जागा पाण्याने घेतलेली असते, आणि पाण्याची वाहकता २३ पट असते हे आपण पाहिलेच.

पण येथे एक धोका आहे. गोधडी फक्त असलेली ऊब राखते, आणि ऊबच पुरेशी तयार होत नसेल तर? मोठ्या माणसाला थंडी वाजली की तो कुडकुडतो आणि स्नायू उष्णता निर्माण करतात. नवजात बाळाला तसे नीट कुडकुडता येत नाही. त्याच्या पाठीत, मानेभोवती एक खास तपकिरी मेद असतो, तो जाळून ते उष्णता मिळवते. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळाजवळ हा साठा फारच थोडा असतो. गार पडलेल्या अशा बाळाला दहा गोधड्यांत गुंडाळले तरी ते गारच राहील. गोधडीतला बर्फ आठवा. त्याला बाहेरून ऊब द्यावी लागते.

ही ऊब सर्वांत सहज मिळते ती आईच्या छातीशी. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी, उबवणपेट्या अपुऱ्या पडत असताना, कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीला लावून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारूच्या पिल्लावरून तिला नाव पडले. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांसाठी ही पद्धत जन्मानंतर लगेच सुरू केली तर काय होते, याची पाहणी भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झाली. तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले होते. या पद्धतीत पांघरूणही असते, पण ते आई आणि बाळ या दोघांना मिळून. उष्णता आईची आणि राखण कापडाची, अशी कामाची वाटणी होते. घरात असे लहान बाळ आले असेल तर डॉक्टरांचा सल्ला मात्र घेतलाच पाहिजे.

पांघरूण जास्त झाले तरीही वाईटच. बाळाची मान ओली लागली, घाम आला, तर एक थर कमी करावा. झोपलेल्या तान्ह्या बाळावर सैल, जड गोधडी टाकू नये आणि त्याचे तोंड-नाक कधीही झाकले जाऊ देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ आवर्जून सांगतात. नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या जुन्या साड्या चमकदार दिसतात आणि लवकर फाटत नाहीत, पण हे तंतू पाणी जवळजवळ शोषत नाहीत आणि आग लागली तर वितळून त्वचेला चिकटतात. बाळाच्या अंगाशी त्या नकोत. रजईबद्दल विचाराल, तर पिंजलेल्या कापसात हवा अधिक मावते, म्हणून ती जास्त उबदार असते. पण ती धुता येत नाही. लहान मुलाच्या घरात जे धुता येत नाही त्याचा काय उपयोग, हे कोणत्याही आजीला विचारा!

गोधडी उन्हात का टाकतात, तेही याच ओघात समजते. कापसाचा तंतू हवेतले बाष्प शोषतो. दमट दिवसांत तो जड होऊन लोळागोळा होतो. उन्हाने बाष्प निघून जाते, झटकल्याने तंतू मोकळे होतात आणि हवेचे कप्पे पुन्हा भरतात. अंथरुणातले डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे हवेतल्या ओलाव्यावर जगतात. कडक उन्हातला कोरडेपणा त्यांना सोसत नाही.

शेवटी एक प्रयोग. एकसारखे चार स्टीलचे पेले घ्या. एक उघडा ठेवा. दुसऱ्याला जुन्या सुती कापडाचे सहा थर दोरीने घट्ट आवळून बांधा. तिसऱ्याला तेवढ्याच कापडाची, धावदोरा घातलेली छोटी गोधडी शिवून सैलसर गुंडाळा. चौथ्याला तशीच गोधडी पाण्यात भिजवून, पिळून गुंडाळा. चारही पेल्यांत सारखेच गरम पाणी ओता, त्यांवर सारखीच झाकणे ठेवा आणि दर पाच मिनिटांनी तापमापकाने तापमान घेऊन आलेख काढा. गरम पाणी ओतताना शिक्षकांना किंवा घरातील मोठ्या माणसाला जवळ ठेवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पेल्याच्या रेषांत फरक थोडा असेल, म्हणून तापमान वाचताना डोळा पाऱ्याच्या पातळीत ठेवायला विसरू नका. चौथ्या पेल्याची रेषा पहिल्याच्या वर जाते की खाली, याचा अंदाज मात्र पाणी ओतण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवा.