कलमेची धार आणि पोट

मुरादाबादी पितळेवरची नक्षी असो की अंगठीवरचे नाव, रेघ काळसर उमटली की गिऱ्हाईक मजुरी कापतो. आमच्या कापडात खोट घडीत लपते, इथे लपत नाही. दोष बहुधा हाताचा नसून कलमेचा असतो.

कलमेचे तोंड साधारण ४५ अंशांवर घासावे. ग्राइंडरवर दाबू नये; साधे पोलाद निळे पडले की त्याचे पाणी उतरले समजा. ६०० नंबरनंतर १२०० नंबरची सहाण, शेवटी १ मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट.

कारागीर बांधव तोंड चमकवतात आणि पोट विसरतात. रेघेच्या तळाला घासते ते पोटच. त्यावरचा ओरखडा रेघेत जसाच्या तसा उतरतो. म्हणून पोटाला सुमारे १५ अंशांची छोटी टाच द्यावी व तीही चमकवावी.

मग टोक अंगठ्याच्या नखावर हलके टेकवावे. सरकले, तर पुन्हा सहाणेवर.