जितेश शर्मा : चूक नसताना वर्ल्डकपचं तिकीट कसं हुकलं?

२० डिसेंबर २०२५. टी-ट्वेंटी वर्ल्डकपसाठी भारताचा संघ जाहीर झाला. अमरावती विभागात, म्हणजे वाशिम, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि अमरावतीत, ज्याचं नाव यादीत शोधलं गेलं, तो जितेश शर्मा त्यात नव्हता. बरं, त्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारताची विकेटकीपिंग त्यानंच केली होती. मग असं काय झालं?

हे समजायला आधी बास्केटबॉलकडे बघू. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो आणि खेळाडू हवे तितक्या वेळा बदलता येतात. मुख्य गार्ड दमला की बॅकअप गार्ड मैदानात येतो, पंधरा-वीस मिनिटं गाडी रुळावर ठेवतो आणि परत बाकावर जाऊन बसतो. अशा खेळाडूंसाठी १९८२-८३ च्या सीझनपासून वेगळा पुरस्कारही दिला जातो. थोडक्यात, तिथं बॅकअपलाही रोजचं काम असतं.

क्रिकेटमध्ये बॅकअप कीपरचं तसं नाही. ग्लोव्ह्जची जोडी एकच. पहिला कीपर जखमी झाला किंवा त्याला विश्रांती दिली, तरच दुसऱ्याचा नंबर. तोवर पाणी न्यायचं आणि नेट्समध्ये घाम गाळायचा.

अमरावतीच्या जितेशचं करिअर याच रांगेत गेलं. २०१६ च्या लिलावात मुंबई इंडियन्सनं त्याला १० लाखांना घेतलं, पण एकही मॅच न खेळता तो बाहेर पडला. इकडे विदर्भाच्या रणजी संघात अक्षय वाडकरनं जागा पक्की केली. पहिल्या रणजी विजेतेपदाच्या फायनलमध्ये १३३ रन्स करणारा कीपर असताना दुसऱ्याला कोण विचारणार?

मग जितेशनं वेगळी वाट धरली. सहाव्या-सातव्या नंबरवर येऊन पहिल्या बॉलपासून मारायचं. कीपर म्हणून जागा नसेल, तर फिनिशर म्हणून तरी मिळेल. पंजाब किंग्जनं २०२२ मध्ये त्याला २० लाखांच्या बेस प्राइसला घेतलं आणि २८ व्या वर्षी त्याचं आयपीएल पदार्पण झालं. त्या सीझनमध्ये त्याचा स्ट्राइक रेट १६० च्या पुढे होता.

जानेवारी २०२३ मध्ये संजू सॅमसन जखमी झाला म्हणून जितेशला भारतीय संघात बोलावलं, पण मॅच मिळाली नाही. ती मिळाली ऑक्टोबरमध्ये, एशियन गेम्सला. कारण? मुख्य संघ वन-डे वर्ल्डकपच्या तयारीत होता.

पुढे आरसीबीनं त्याच्यासाठी ११ कोटी मोजले. २७ मे २०२५ ला लखनौविरुद्ध २२८ रन्सचा पाठलाग होता आणि कॅप्टनची जबाबदारीही बॅकअप म्हणून त्याच्याकडेच आली होती. त्यानं ३३ बॉल्समध्ये नाबाद ८५ ठोकले आणि संघ पहिल्या दोनात गेला. फायनलमध्ये १० बॉल्समध्ये २४ रन्स काढले. आरसीबी जिंकली ती फक्त ६ रन्सनी, त्यामुळे या २४ ची किंमत वेगळी सांगायला नको.

आता मूळ प्रश्न. आशिया कपपासून शुभमन गिलला ओपनर केलं, त्यामुळे संजूला मधल्या फळीत ढकललं गेलं. ती त्याची जागा नव्हती. खालच्या नंबरचा कीपर हवा म्हणून ऑस्ट्रेलिया दौऱ्यात जितेश खेळू लागला. होबार्टला १३ बॉल्समध्ये नाबाद २२ करून त्यानं मॅच संपवलीही.

पण वर्ल्डकपच्या यादीतून गिललाच वगळलं. संजू पुन्हा ओपनर झाला आणि कीपिंग त्याच्याकडे गेली. पहिला कीपर ओपनर असेल, तर त्याचा बॅकअपही वरच्या फळीतला हवा, म्हणून इशान किशन आत आला. फिनिशर म्हणून रिंकू सिंगला घेतलं. संघात ओपनर बदलला आणि खुर्ची गेली सातव्या नंबरच्या माणसाची!

ज्या खालच्या नंबरनं जितेशला भारतीय संघात आणलं, त्याच नंबरमुळे तो बाहेर गेला. यात त्याच्या एखाद्या सुटलेल्या कॅचचा किंवा वाया गेलेल्या इनिंगचा संबंध नव्हता. देशांतर्गत क्रिकेटसाठी तर २०२५ मध्ये त्यानं विदर्भही सोडलं होतं. आता तो बडोद्याकडून खेळतो.