पीकपाहणीत न येणारे पीक

जमिनीचा सातबारा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. सात नंबरात जमीन कोणाची ते लिहिलेले असते आणि बारा नंबरात तीत काय पिकते ते. उरण तालुक्यातील जासईसारख्या खाडीकाठच्या गावात त्या रकान्यात पिढ्यान्‌पिढ्या भात लिहिला गेला. परंतु त्याच जमिनीतून माणसाला आणखी एक पीक मिळत असते, आणि त्याच्यासाठी त्या कागदावर रकाना नाही. ते पीक कोणते, ते माणसाच्या सुखापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते आणि त्याची नोंद न झाल्याने काय होते, एवढ्याच तीन प्रश्नांचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेले जगातील परिसंस्थांचे एक मोठे मूल्यमापन २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यात निसर्गापासून होणाऱ्या लाभांचे चार वर्ग पाडले आहेत. अन्न, पाणी, लाकूड हा पहिला. पूर, हवामान, रोगराई यांना बसणारा आळा हा दुसरा. माती तयार होण्यासारखी पायाभूत कार्ये हा तिसरा. आणि चौथा सांस्कृतिक लाभांचा. विसावा, सौंदर्य, श्रद्धा, शिक्षण, आपलेपणा या गोष्टी तराजूत घालता येत नाहीत. त्या या चौथ्या वर्गात येतात.

आता त्या सुखात कशा उतरतात ते पाहू. पहिली वाट शरीराची. अमेरिकेतील रॉजर उलरिक यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या तपासल्या. जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे रुग्ण सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधेही सौम्य पुरली. २३ जोड्या ही फार मोठी संख्या नव्हे हे खरे. पण पुढे या विषयावर जे संशोधन झाले त्याचा पाया येथे घातला गेला.

दुसरी वाट सहवासाची. खारजमीन पिकविणे हे एकट्याचे काम नव्हे. भरतीचे पाणी बांधाने अडवावयाचे आणि पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून बाहेर सोडावयाचे. बांधाला खांड पडली की एकाचे नव्हे, साऱ्या शिवाराचे पीक जाते. म्हणून खांड बुजवायला शेजारीपाजारी उतरत, आणि तेवढा वेळ तरी भाऊबंदकी बाजूला ठेवावी लागे. तिसरी वाट ओळखीची. लग्नात धवलारीण धवले गाते, नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ वाहतात, थंडीत वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लागते. आपण कोण, या प्रश्नाचे उत्तर मुलाला येथे न विचारताच मिळते.

याचा अर्थ ते जुने जीवन सुखाचेच होते असा मात्र नव्हे. मिठागरात राबणाऱ्याच्या पायांना जखमा होत. खांड पडली की वर्षाचा दाणा जाई. पोटाची विवंचना असेल तेथे सूर्यास्ताचे सौंदर्य कोणाला दिसणार? निसर्गाचा सांस्कृतिक लाभ हा हक्काच्या भाकरीला पर्याय होऊ शकत नाही, हे आम्ही आरंभीच मान्य करतो.

जासईचा इतिहास हेच सांगतो. उलरिक यांचा निबंध छापला गेला ते वर्ष १९८४. त्याच वर्षी, १६ व १७ जानेवारीस, नव्या मुंबईसाठी जाणाऱ्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर जासई आणि नवघर परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला, आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. लढ्याचे नेते दि. बा. पाटील हे जासईचेच. या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. हा विजय लहान नव्हे. परंतु मोबदल्याच्या त्या हिशेबात फक्त बारा नंबरातले पीक धरले गेले. भूखंड मोजून देता येतो. खांड बुजवायला जमणारे शेजारी मोजून देता येत नाहीत. ज्याच्या हाती पैसा आला त्यालाही काही तरी हरवल्यासारखे वाटते, त्याचे कारण येथे आहे. त्याला कृतघ्नपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

शेजारचे बंदर १९८९ साली सुरू झाले, समुद्रावरचा अटल सेतू २०२४ साली. ते उखडून पुन्हा भात लावा असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे शिल्लक राहिलेल्याविषयी आहे. तिवरांची नासधूस हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. त्याच न्यायाने गावतळे, खाडीकडे जाणारी पायवाट, नारळ वाहण्याची जागा, पाखरे उतरतात ती पाणथळ यांची नोंद नियोजनाच्या नकाशावर झाली पाहिजे. आणि ती करताना तेथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारले पाहिजे, कारण या पिकाची पाहणी त्यांनीच आयुष्यभर केलेली आहे.