अमेरिकन साहित्याचे पहिले पान

बी. ए. ला इंग्रजी घेतलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला प्रारंभीचे अमेरिकन साहित्य आले, की पहिल्या पंधरवड्यातच त्याची एक ठरलेली तक्रार कानी येते. तो म्हणतो, “सर, यात साहित्य कुठं आहे? कथा नाही, नाटक नाही. नुसती प्रवचने, रोजनिश्या आणि वसाहतीच्या हकिगती!”

तक्रार अगदीच खोटी नाही. पण मी त्याला उलट विचारतो, की बाबा रे, आपली बखर तरी कुणी साहित्य म्हणून लिहिली होती काय? घडले ते धन्याला कळावे, पुढच्यांना ठाऊक असावे, म्हणून बखरकार लिहीत गेला. गद्याची गोडी आपण मागाहून ओळखली. अमेरिकेचेही तसेच आहे.

विल्यम ब्रॅडफर्डचेच पाहा. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ उतारू निघाले आणि ऐन थंडीत परक्या किनाऱ्याला लागले. वसंत उजाडेपर्यंत त्यांतले निम्मेअर्धे दगावले. ब्रॅडफर्ड पुढे प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर झाला आणि १६३० पासून सवडीसवडीने त्याने ही हकिगत लिहिली. गंमत अशी, की ते हस्तलिखित पुढे गहाळ झाले, समुद्रापार लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडले आणि १८५६ साली प्रथमच समग्र छापले गेले. म्हणजे आज जो ग्रंथ अभ्यासक्रमाच्या आरंभी बसतो, तो कित्येक पिढ्यांच्या वाचनात छापील रूपाने नव्हताच!

आणि हा आरंभ तरी खरा आरंभ आहे का? त्या भूमीवर आधीपासून नांदणाऱ्या लोकांची गाणी होती, जगाच्या उत्पत्तीच्या कथा होत्या. त्या तोंडी होत्या, एवढेच. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. म्हणून १६२० पासून सुरू होणारा अभ्यासक्रम मला अपुरा वाटतो.

ॲन ब्रॅडस्ट्रीट ही आठ मुलांची आई. संसार सांभाळून कविता करणारी. तिच्या मेव्हण्याने तिला न विचारता १६५० साली लंडनमध्ये तिचे पुस्तक छापून आणले. तिच्या विद्वत्ताप्रचुर कवितांपेक्षा १६६६ साली घर जळाले तेव्हाची साधी कविता मला अधिक मोलाची वाटते.

पण ज्या लेखिकेपाशी वर्ग एकदम शांत होतो, ती फिलिस व्हीटली. १७६१ साली पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांत सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. बॉस्टनच्या व्हीटली कुटुंबाने तिला विकत घेतले. ज्या जहाजातून ती आली, त्याचेच ‘फिलिस’ हे नाव तिला चिकटले आणि आडनाव धन्याचे. घरच्यांनी तिला वाचायला शिकवले. तिने बायबल वाचले, लॅटिन शिकली आणि कविता लिहू लागली. तिचे पुस्तक निघायचे ठरले तेव्हा लोकांचा विश्वास बसेना. अखेर, या कविता हिच्याच आहेत, असे प्रमाणपत्र बॉस्टनच्या १८ प्रतिष्ठितांनी सह्या करून दिले. त्यांत खुद्द गव्हर्नर होता. तरी बॉस्टनमध्ये पुस्तक छापले गेले नाहीच. ते १७७३ साली लंडनला निघाले. त्यानंतर लवकरच तिला मुक्तता मिळाली. मात्र दुसरे पुस्तक निघाले नाही आणि १७८४ साली ती गरिबीत वारली.

स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफर्सनने पुढे तिची कविता टीकेच्याही लायकीची मानली नाही. माणसे समान जन्मतात असे १७७६ साली लिहिणारा हाच गृहस्थ गुलामांचा मालक होता, बरं का! शिक्षकमित्रांना माझी सूचना अशी, की तो जाहीरनामा आणि व्हीटलीची एखादी कविता एकाच तासाला, एकामागून एक मोठ्याने वाचावी. टिपणे मग द्यावीत.

त्याच १७७६ च्या जानेवारीत टॉमस पेनने ‘कॉमन सेन्स’ हे चोपडे काढले. तेही नाव न घालता छापलेले. हा पेन इंग्लंडातून येऊन दोन वर्षेही झाली नव्हती. बापाचा धंदा स्त्रियांच्या काचोळ्या शिवण्याचा. त्यामुळे त्याची भाषा दुकानात, गुत्त्यात वाचून दाखवावी अशी रोखठोक. प्रवचनाचे वळण आणि बाजारातली बोली त्याने एकत्र आणली.

इथे आपला धागा येऊन मिळतो. पेनचाच पुढचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ पुण्यात जोतीराव फुले यांनी तरुणपणी वाचला. आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना ती अर्पण केली. ती अर्पणपत्रिका तुमच्या शाळेच्या कपाटात असेल. व्हीटलीचा तास झाला, की मुलांकडून ती वाचून घ्या.