जोखीम-स्वीकार, तरुणांचा आर्थिक

उत्पन्न वा बचत बुडण्याचा संभव असूनही अधिक लाभाच्या अपेक्षेने तरुणांनी पैसा गुंतविणे. वय, लिंग, विवाहस्थिती, उत्पन्न व निवासस्थान यांनुसार या प्रवृत्तीचे स्वरूप बदलते. जोखीम पत्करण्याची इच्छा आणि ती सोसण्याची ऐपत या भिन्न गोष्टी होत. त्यांची नेहमी गल्लत केली जाते.

तरुणापुढे कमाईची पुष्कळ वर्षे असतात व जादा काम करून तूट भरून काढणे त्याला शक्य असते. म्हणून त्याने समभागांत अधिक पैसा ठेवणे युक्त ठरते, असे विवेचन झ्वी बोडी, रॉबर्ट मर्टन व विल्यम सॅम्युएल्सन यांनी १९९२ मध्ये केले. परंतु काम बेभरवशाचे असेल आणि घर त्याच कमाईवर चालत असेल, तर वयाचा हा लाभ बव्हंशी नाहीसा होतो.

लिंगभेदाविषयी ब्रॅड बार्बर व टेरन्स ओडीन यांचा २००१ मधील अभ्यास प्रसिद्ध आहे. १९९१–९७ या काळातील सु. ३५,००० अमेरिकी कुटुंबांची खाती त्यांनी तपासली. पुरुषांची उलाढाल स्त्रियांपेक्षा ४५ टक्के अधिक आढळली. अविवाहितांत ही तफावत ६७ टक्के होती. अतिउलाढालीमुळे पुरुषांच्या वार्षिक परताव्यात २·६५, तर स्त्रियांच्या परताव्यात १·७२ टक्के-अंकांची घट झाली. लेखकांनी याचे कारण फाजील आत्मविश्वास हे दिले. उल्रिके माल्मेंडियर व श्टेफान नागेल यांनी २०११ मध्ये अनुभवावर भर दिला : अलीकडील तेजी-मंदीचा प्रभाव अल्प अनुभवामुळे तरुणांवर अधिक पडतो. ‘साहस हा तारुण्याचा स्वभावच’ या सोप्या उत्तरापेक्षा हे अधिक पटणारे आहे.

भारतात ऐपत व जोखीम यांतील विसंगती फ्युचर्स-ऑप्शन्स या वायदेव्यवहारांत ठळकपणे दिसते. भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाच्या (सेबी) २०२४ मधील पाहणीनुसार तेथील वैयक्तिक व्यवहारकर्त्यांत तिशीच्या आतील लोकांचे प्रमाण २०२२–२३ मध्ये ३१, तर २०२३–२४ मध्ये ४३ टक्के होते. या तरुणांपैकी सु. ९३ टक्क्यांना त्या वर्षी तोटा झाला. सर्व वयोगटांत हे प्रमाण सु. ९१ टक्के होते. एकूण व्यवहारकर्त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाख रुपयांहून कमी असल्याचे नोंदविले होते आणि ७२ टक्क्यांहून अधिक लोक पहिल्या तीस शहरांबाहेरचे होते. पुरुषांचा सरासरी तोटा सु. ८९, तर स्त्रियांचा सु. ७६ हजार रुपये होता. थोडक्या अधिमूल्यात ऑप्शन घेता येतो व दर आठवड्याला त्याची मुदत संपते. त्यामुळे अल्प उत्पन्नाच्या माणसाला तो परवडणारा वाटतो. नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने निर्देशांकांवरील कराराचे किमान मूल्य १५ लाख रुपये केले आणि साप्ताहिक मुदतीचे करार प्रत्येक शेअर बाजारात एकाच निर्देशांकापुरते मर्यादित ठेवले.